पंखा तीनवर आला, वन्सं

वन्सं, आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन. यंदा पंखा मी कमी केला. तुम्ही नव्हतात, कुणीतरी करायलाच हवा होता, म्हणून केला. आणि चुकीच्या दिवशी केला. आता हसा.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला वाटेल, काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या या मराठी लोकांना दुसरे उद्योग नाहीत. पण आपल्या घरात मधल्या खोलीतला पंखा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. मामंजींना दमा होता. पावसाळा सरताना हवा पालटली की त्यांची छाती भरून यायची. पंखा पाचवरून तीनवर कधी आणायचा, हे ठरवायचं काम त्यांनी तुमच्याकडे, थोरल्या लेकीकडे दिलं. ते गेले, काम राहिलं. ज्या दिवशी तुम्ही दाराजवळच्या त्या काळ्या बटणाला हात लावायचात, त्या दिवशी या घरात शरद यायचा. त्याआधी कुणी कुडकुडलं तरी पंखा पाचवर, आणि त्यानंतर कुणी घामानं निथळलं तरी होळीपर्यंत तीनच्या वर नाही. आलेल्या ऋतूला परत पाठवायचं नसतं, असं मामंजी म्हणायचे म्हणे. वीज निम्मा दिवस नसायचीच, तरी कायदा तो कायदा. मी लग्न होऊन आले तेव्हा मनात म्हटलं, बाबांनी मला कुठल्या वेड्यांच्या घरात दिली.

मी वाईची. भाद्रपद संपता संपता आमचे डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे होतात, मग गवत वाळून सोनेरी दिसायला लागतं, कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून सोडतं. इथं आले तर उन्हाळ्यात भाजायचं, पावसाळ्यात गाळ उपसायचा आणि हिवाळ्यात धुक्यात चाचपडायचं. पहिल्याच वर्षी तोंड वर करून तुम्हाला म्हणाले, "तुमच्या काशीत शरद नाहीच मुळी. आमच्याकडे ऋतू पालटला की आंधळ्यालाही दिसतो." तुम्ही पोळी लाटत होतात. लाटणं थांबलं नाही. "बरं," म्हणालात, "उद्या सकाळी छतावर ये." गच्चीला तुम्ही सगळे छत म्हणता, याचाही मला तेव्हा राग यायचा.

दुसऱ्या दिवशी वर आले तर मला काहीच दिसेना. नदी, पलीकडची वाळू आणि ऊन. तुम्ही घाई केली नाहीत. आधी पलीकडच्या तीरावर बोट दाखवलंत, तिथं कास गवताचे पांढरे तुरे हलत होते. मग पाणी दाखवलंत. "परवापर्यंत दुधाच्या चहासारखं होतं, आज बघ, हिरवट झालं." मग माझा खांदा धरून मला वळवलंत. कठड्यावर एक इवलासा पक्षी शेपूट वरखाली करत चालत होता. "हा खंजन. बर्फाच्या मुलखातून आलाय. काल नव्हता." खाली घाटावर पंप लावून पुराचा गाळ धुवत होते, त्या मातीचा वास वरपर्यंत येत होता. खाली स्वयंपाकघरात आल्यावर तुम्ही झरोक्यातून आलेलं ऊन दाखवलंत. ते डाळीच्या डब्याला लागलं होतं. "श्रावणात ते जमिनीवरच असतं. सूर्य दक्षिणेला सरकला की डब्यावर चढतं."

मी हरले असं काही म्हणाले नाही. म्हटलं, "तुमचा शरद फार शोधावा लागतो बाई." तुम्ही म्हणालात, "तुझा वाईचा शरद रस्त्यात उभा राहून हाका मारतो. इथला जरा मानी आहे, विमल."

मुलींच्या शाळेत तुम्ही भूगोल शिकवायचात. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी परवा भेटायला आल्या होत्या. आता चांगल्या चाळिशीच्या बायका, एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्या सांगत होत्या, बहनजी वर्गात शिकवता शिकवता मधेच म्हणायच्या, किताब बंद करो, बाहर देखो. आणि सगळा वर्ग खिडकीशी. एकीनं मला विचारलं, "बहनजी ने इस साल कब बताया था?" म्हणजे शरद. तिला वाटलं, जाण्याआधी तुम्ही सांगून गेला असाल. मी म्हटलं, राहून गेलं. तिचे डोळे भरले आणि मग माझेही.

आपलं भांडण मात्र खरं दुसरंच होतं. ते दरवर्षी श्रावणात सुरू व्हायचं. मी म्हणायचे, आता बस झालं, यंदा मी वाईला जाणार. दादानं माझ्यासाठी घराच्या मागच्या दोन खोल्या ठेवल्यात. तुमचे बंधुराज बँकेतून निवृत्त झाले की तिथं जाऊन राहायचं, हे मी लग्नाच्या आधीपासून ठरवून आले होते. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि एवढंच म्हणायचात, "जा की. शरद बघून जा." मग शरद यायचा. पंखा तीनवर. पाठोपाठ कार्तिकात घाटावर बांबूंना आकाशदिवे लागायचे, ते सोडून कसं जायचं. मग पेरू यायचे, लेकीची, रेवाची परीक्षा यायची, होळी यायची, आणि होळीनंतर एवढ्या उन्हात कोण प्रवासाला निघतं. बंधुराज निवृत्त होऊनही वर्षं गेली. तुम्ही मला कधी, एकदाही, राहा म्हणाला नाहीत. तुमची ही हुशारी मला फार उशिरा कळली.

मग तुमच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कडेकडेनं अंधार येत गेला आणि शेवटी उजेड तेवढा कळायचा. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुमचे भाऊ लहान मुलासारखे रडले. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "अरे, घर पाठ आहे मला. गल्ली पाठ आहे. आता काय नवीन बघायचंय?" त्या वर्षी मला वाटलं, पंख्याचं काम आता माझ्याकडे येणार. मी मनातून थोडी खूशही झाले, खोटं कशाला बोलू. पण कसलं काय. तुम्ही अंगणात पाय सोडून बसायचात आणि दगड सकाळी किती गार आहे ते सांगायचात. शेजारच्या मठातली सप्तपर्णी फुलली की आम्हाला वास यायच्या आधी तुम्हाला यायचा. धोब्याच्या कपडे आपटण्याच्या आवाजावरून पाणी किती पायऱ्या उतरलं ते सांगायचात, आणि रेवा पळत जाऊन बघून यायची. "आत्या, सही बोल रही हो," असं ती गल्लीतूनच ओरडायची. शेवटी एका सकाळी तुम्ही भिंतीला हात लावत लावत आलात, बटण तीनवर फिरवलंत आणि माझ्याकडे, म्हणजे मी जिथं असेन असं तुम्हाला वाटलं तिकडे, तोंड करून म्हणालात, "बघ विमल, आंधळीला दिसला."

माझं पहिल्या वर्षीचं बोलणं तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. आणि ते असं परत केलंत की मला रडावं का हसावं ते कळेना. तुम्हीच आधी हसलात, मग मी हसले.

एक गोष्ट मात्र तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. कास फुलायचा, पक्षी यायचा, सप्तपर्णीचा वास सगळ्या गल्लीत पसरायचा, तरी तुमचा हात बटणाकडे जायचा नाही. "अजून नाही. क्वारची धूप बाकी आहे." आश्विनाला तुम्ही क्वार म्हणायचात आणि उन्हाला धूप. आणि खरंच, सगळ्या खुणा दिसून झाल्यावर एकदम असं कडक ऊन पडायचं की वैशाख बरा. मग एक दिवस, तशाच दुसऱ्या कुठल्याही दिवसासारखा दिवस, जेवणाच्या थोडं आधी तुम्ही देवघरातून उठून तडक बटणापाशी जायचात. त्यानंतर कधी ऊन परत तापलं नाही. एकदाही तुमचा दिवस चुकला नाही. मी विचारायचे, "कशावरून ठरवलंत?" तुम्ही म्हणायचात, "कळतं गं." इतकी वर्षं विचारलं, तेच उत्तर. लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस मुद्दाम वगळणाऱ्या बायका असतात, तशा तुम्ही आहात, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलंय.

यंदा भाद्रपदात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. मी तुमची वेणी घालत होते. तुम्ही विचारलंत, "पाणी कुठवर?" मी सांगितलं. "म्हणजे यंदा उशीर आहे," म्हणालात, आणि थोडं थांबून, "पण शरद बघून जा हं." पुराच्या पाण्यानं, माश्यांनी, दिव्यावाचून काढलेल्या दिवसांनी मी कावले होते. म्हटलं, "बघू." हे आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मणिकर्णिकेचा खालचा घाट पाण्याखाली होता, वरच्या चौथऱ्यावर सगळं झालं. आम्ही बायका घरी. तुमचे भाऊ ओल्या धोतरानं परत आले आणि मधल्या खोलीत पंख्याखाली बसले. बराच वेळ वर बघत होते. "पाचवर आहे ना?" एवढंच म्हणाले.

तुमच्यावाचून घर मला सोसवेना. हे मी तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. सकाळी चहा टाकताना हात तुमच्या पेल्याकडे जायचा. अंगणात पाऊल टाकताना तुमच्या पायांना धक्का लागेल म्हणून मी अजून कडेनं जायचे. त्यात गल्लीतल्या एसटीडी बूथवर दादाचा फोन आला. आता तरी या म्हणाला. तुमचे भाऊ म्हणाले, "तू म्हणशील तसं." मला निघायचं होतं, वन्सं. काशीचा कंटाळा म्हणून नाही, तुम्ही नव्हतात म्हणून. पण तुम्हाला शब्द दिल्यासारखा झाला होता. बघू म्हटलं होतं ना. आता शरद बघितल्याशिवाय निघणार कशी?

म्हणून मी शरदाला बोलावलंच. एका पहाटे पावसाची सर येऊन गेली, हवा गार झाली. वर गेले तर कठड्यावर तुमचा पक्षी हजर, पलीकडे कास फुललेला, सप्तपर्णीचा वास आलेला. म्हटलं, आणखी काय हवंय? खाली आले आणि बटण तीनवर आणलं. "शरद आला," असं जाहीर केलं. तुमच्या भावानं वर्तमानपत्राची घडी घातली. रेवानं विचारलं, "आई, पक्का ना?" पक्का, म्हटलं. आणि बूथवर जाऊन दादाला कळवलं, दसरा झाला की निघतो.

दोन दिवस बरे गेले. मग तुमची ती क्वारची धूप आली. काय सांगू तुम्हाला. भिंती तापल्या, गादी तापली, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागायला लागलं. आणि पंखा तीनवर, आजारी माणसासारखा हळूहळू फिरतोय. तुमचे भाऊ गंजिफ्रॉक ओला करून बसलेले. रेवा वहीनं वारा घेत अभ्यास करतेय. शेजारचे मिश्राजी आले, घाम पुसत म्हणाले, "भाभीजी, ज़रा पंखा तेज़ कर दीजिए." तुमचे भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "हमारे यहाँ होली तक इतना ही चलता है." मिश्राजींनी चहासुद्धा घेतला नाही, गेले. मग रेवा मला म्हणाली, "आत्या असती ना, तर हँस हँस के लोटपोट झाली असती." आणि ती हसायला लागली, मग तुमचे भाऊ, मग मी. हसता हसता रेवा रडायला लागली, तेव्हा कुणी कुणाला थांबवलं नाही.

बटण फिरवायला कुणाची बंदी होती? मी दोनदा उठले, वन्सं. दोन्ही वेळा हात मागे घेतला. तुमचा कायदा मोडला असता तर तुम्ही खरंच नाही आहात असं झालं असतं. त्यापेक्षा घाम बरा. तुमचे भाऊही उठले नाहीत.

आता खरं सांगायचं ते सांगते. तुम्ही गेल्यापासून देवाची फुलं मी वेचते. मठातला प्राजक्त आपल्या भिंतीवरून वाकतो, पहाटे त्याचा सडा आपल्या अंगणात पडतो. दिसत नसताना तुम्ही तळहातानं चाचपून वेचायचात, एकही फूल चिरडायचं नाही. मला डोळे असून ते जमत नाही, निम्मी माझ्या पायाखाली जातात. ताम्हनात घालून देवापुढे ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. नैवेद्य घेऊन जाते तेव्हा ताम्हनात बघवत नाही. पावसाळ्यात लगदा झालेला असायचा, या उन्हात तर पार मलूल, तपकिरी. बाजूला सारून मी पान ठेवते.

काल नैवेद्याला गेले. सवयीनं फुलं बोटानं बाजूला सारायला लागले आणि बोट थांबलं. देठ ताठ होते. केशरी देठ, पांढऱ्या पाकळ्या, सकाळी वेचल्या तशा. दुसरं फूल उचललं, तिसरं उचललं. सगळी तशीच. मी तिथंच बसून राहिले. वरण निवायला लागलं.

वन्सं, तुम्ही नैवेद्याच्या वेळी देवापुढे बसून फुलांवरून बोट फिरवायचात. किती वेळ फिरवायचात. मला वाटायचं, देवाशी काही मनातलं चाललंय. बाहेरून मी ओरडायचे, "वन्सं, वरण निवतंय." तुम्ही उठून यायचात आणि म्हणायचात, अजून नाही. आणि एखाद्या वर्षी एखाद्या दिवशी तडक बटणापाशी. पहाटेच्या दवानं भिजलेली फुलं नैवेद्यापर्यंत टिकली, म्हणजे रात्र पुरेशी गार झाली आणि उन्हातला विखार गेला. ज्या दिवशी टिकली त्या दिवशी शरद. इतकंच. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही हे वर्षानुवर्षं केलंत, डोळे असताना आणि गेल्यावरही, आणि मी बाहेर उभी राहून कशावरून, कशावरून विचारत होते. तुम्ही लपवलं नव्हतंत काही. काय बाई होतात तुम्ही. मी तुमच्यासारखं माणूस दुसरं पाहिलं नाही, आणि आता पाहीन असं वाटत नाही.

उठले आणि तडक बटणापाशी गेले. ते आधीच तीनवर. फिरवायला काही उरलं नव्हतं. तशीच त्यावर हात ठेवून उभी राहिले. तुमच्या भावानं चष्म्यावरून बघितलं. "आला?"

"आला."

"मग त्या दिवशी कोण आलं होतं?"

"त्या दिवशी मला घाई आली होती," म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनाही निघायचं नाही, हे मला त्या वेळी कळलं. इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघून गप्प होते. मग म्हणाले, "वाईला काय कळवायचं? दसरा उद्यावर आलाय."

शरद बघून झाला, वन्सं. तुम्ही म्हणाला होतात तसा, पुरता, बोटांनी बघून झाला. आता मला अडवणारं कुणी नाही. संध्याकाळी बूथवर गेले, दादाला फोन लावला. म्हटलं, येणं होत नाही. तो चिडला. आता कशासाठी थांबलीयस, नणंद होती तोवर समजत होतो, म्हणाला. म्हटलं, दादा, इथं पहाटे फुलं वेचायची असतात. त्या दोन खोल्या कुणाला तरी दे.

तुम्ही मला कधी राहा म्हणाला नाहीत. मीही तुम्हाला कधी राहते म्हटलं नाही, दरवर्षी जाते जाते म्हणत राहिले. आज म्हणते, वन्सं. राहते.